कलमांमागची माणसे : मनोरुग्ण परिचर्येच्या कायद्याचा कागदोपत्री इतिहास

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 या कायद्यातले 95वे कलम आकाराने लहान आहे. त्यात चार गोष्टींना मनाई आहे : भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता विजेचा झटका देणे, अल्पवयीन मुलांना असा झटका देणे, मानसिक आजारावरचा उपचार म्हणून स्त्री किंवा पुरुषाची नसबंदी करणे, आणि रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने जखडणे. 20वे कलम आणखी बारकाव्यात शिरते. रुग्णाचे सक्तीने मुंडण करू नये, त्याला इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यावेत, कामाला लावले तर मोबदला द्यावा, स्त्रियांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू पुरवाव्यात.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशी कलमे उलट्या दिशेने वाचायची असतात. जे कोणी करतच नव्हते, त्याला मनाई करण्यात संसद वेळ घालवत नाही. मुंडणाविषयीचे कलम हाच सरसकट मुंडण होत असल्याचा पुरावा, आणि पाळीच्या कापडाविषयीचे कलम हा ते मिळत नसल्याचा. या मनायांच्या मागे जुन्या कायद्यांच्या संहिता, न्यायालयांचे आदेश आणि चौकशी अहवाल आहेत. ते एकापुढे एक मांडले की दीडशे वर्षांचा एक सलग इतिहास हाती येतो. त्यात डॉक्टर, न्यायाधीश, अधीक्षक, पोलीस हे सगळे पहिल्यापासून दिसतात. रुग्णाला अंघोळ घालणारी, भरवणारी, आवरणारी आणि वेळप्रसंगी बांधणारीही जी व्यक्ती, ती परिचारिका किंवा परिचारक, मात्र फार उशिरा दिसू लागते. हा लेख तिच्या शोधाचा आहे.

चाकर

कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, 1858 मध्ये, वेडाविषयीचे तीन कायदे एकापाठोपाठ झाले. चौतिसावा आणि पस्तिसावा कायदा मुख्यतः वेडसर ठरलेल्या माणसाच्या मालमत्तेची आणि देखभालीची व्यवस्था लावणारा होता. छत्तिसावा वेड्यांच्या इस्पितळांचा. तिन्हींची एकत्र फेररचना 1912च्या चौथ्या कायद्यात, म्हणजे इंडियन लुनसी अॅक्टमध्ये झाली. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही पंचेचाळीस वर्षे चालू राहिला, त्यामुळे त्याची बांधणी नीट पाहिली पाहिजे.

1912च्या कायद्याला सर्वांत जास्त काळजी आहे ती दाराची. माणसाला आत घ्यायचे कसे आणि बाहेर सोडायचे कसे? नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले, त्यांतला एक सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा. अर्जदाराने गेल्या चौदा दिवसांत त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेले असले पाहिजे, आणि पुढे दर सहा महिन्यांनी निदान एकदा भेटायला येण्याची हमी द्यायची. रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलीस ठाण्याचा अधिकारी पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभा करू शकत असे. बेकायदा कोंडून ठेवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. धडधाकट माणसाला वेडा ठरवून त्याची इस्टेट बळकावली जाऊ नये, ही धास्ती या तरतुदींमागे उघड दिसते, आणि ती खोटी नव्हती.

दाराच्या आतल्या आयुष्याबद्दल मात्र कायदा हात राखून बोलतो. प्रत्येक इस्पितळावर किमान तीन निरीक्षक नेमायचे, त्यांत निदान एक डॉक्टर. दोघा-तिघांनी महिन्यातून एकदा येऊन सारी जागा पाहायची, प्रत्येक रुग्ण शक्यतो नजरेखालून घालायचा, नव्याने आलेल्यांचे आदेश व दाखले तपासायचे आणि व्यवस्थेबद्दलचा शेरा वहीत लिहायचा. तुरुंगांचा महानिरीक्षक हा पदसिद्ध निरीक्षक होता. इस्पितळ सरकारच्या लेखी कोणत्या खात्याचे भावंड होते, ते एवढ्यावरून कळते.

आणि वॉर्डातला माणूस? पळून गेलेल्या रुग्णाला परत पकडण्याच्या तरतुदीत तो भेटतो. पळालेल्याला पोलीस, इस्पितळाचा प्रमुख किंवा तिथला कोणीही अधिकारी वा चाकर पकडून परत आणू शकतो, असे कायदा सांगतो. जो माणूस चोवीस तास रुग्णाजवळ असायचा, त्याला कायद्याने दिलेले ठळक काम हे एवढेच. त्याने काय शिकलेले असावे, एका वेळी किती जणांकडे पाहावे, काय करू नये, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. त्याच्यावर जबाबदारी तुरुंगाच्या पहारेकऱ्याची होती, आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यासारखाच तो वागला असेल तर दोष केवळ त्याला देता येणार नाही.

मूल तर या कायद्याला दिसतच नाही. वेडसर म्हणजे जन्मतः मंदबुद्धी किंवा मन ठिकाणावर नसलेली व्यक्ती, एवढी व्याख्या करून तो पुढे जातो. बारा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा पुरुष त्याच्या लेखी एकाच रकान्यात बसतात. आजच्या भाषेत ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात आणि ज्याला मानसिक आजार म्हणतात, त्या दोन सर्वस्वी वेगळ्या अवस्थाही त्याच रकान्यात. या गल्लतीची किंमत पुढे शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मुलींना मोजावी लागली.

खाटा मोजल्या, हात मोजले नाहीत

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. त्यासाठी रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक मूर टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. बहुतेक इस्पितळे कालबाह्य आहेत आणि ती माणसे बरी करण्यासाठी नव्हे, डांबून ठेवण्यासाठी बांधली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. समितीने मांडलेला हिशेबही बोलका आहे : इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे माणसांमागे मनोरुग्णालयाची एक खाट, हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजारांमागे एक.

या आकड्यांचा परिणाम झाला. 1954 मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. पुढे तीच निमहान्स झाली. त्याच दशकाच्या मध्यावर तिथे मनोरुग्ण परिचर्येची पदविका सुरू झाली. मनोरुग्णाची शुश्रूषा हे शिकण्याचे काम आहे, हे सरकारी पातळीवर मान्य झाल्याची ही खूण. पण शिक्षण एका संस्थेत पोहोचले आणि कायदा 1912चाच राहिला. बंगळूरहून पदविका घेऊन आपल्या गावच्या मनोरुग्णालयात रुजू होणाऱ्या परिचारिकेला कायद्याच्या पुस्तकात स्वतःसाठी जागा सापडली नसती. सापडला असता तो पळालेल्याला पकडणारा चाकर.

न्यायालयाला आलेली पत्रे

1980च्या दशकात या इस्पितळांच्या आतले चित्र प्रथमच न्यायालयीन कागदांवर आले, आणि ते आणले सामान्य नागरिकांच्या पत्रांनी. 1982 मध्ये हजारीबागच्या विधी सहाय्य समितीने सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. खटल्याच्या वेळी वेडसर ठरलेले आणि नंतर बरे झाल्याचे नोंदले गेलेले कैदी वीस-तीस वर्षे तिथल्या मध्यवर्ती कारागृहात पडून होते. त्यांना सोडायला कोणी मनाई केलेली नव्हती. सोडण्याचा कागद पुढे सरकवायचे कोणाचे काम आहे, हे कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच. वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य या नावाने हा निकाल ओळखला जातो.

काही काळाने पाटण्याच्या दोघा नागरिकांनी रांचीजवळच्या कांके येथील मानसिक आरोग्यशाळेबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने त्याचीच याचिका केली आणि रांचीच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पाहणी करवली. त्यानंतर 1986 मध्ये जो अंतरिम आदेश दिला, त्याची यादी मुद्दाम सविस्तर देतो, कारण वॉर्डाचे इतके स्पष्ट चित्र दुसऱ्या कागदात क्वचित सापडते. प्रत्येक रुग्णाच्या जेवणावर रोज किमान दहा रुपये खर्च करावेत. पिण्याचे शुद्ध पाणी मिळावे, गरज पडल्यास बाहेरून टँकरने आणावे. शौचालये आणि न्हाणीघरे ताबडतोब वापरण्याजोगी करावीत. ज्यांच्याकडे गादी आणि ब्लँकेट नाही त्यांना पंधरा दिवसांत ती द्यावीत. औषधांच्या खर्चावरची मर्यादा काढून टाकावी आणि लिहून दिलेले औषध किमतीचा विचार न करता द्यावे. आणि सहा आठवड्यांत एक पात्र मानसोपचारतज्ज्ञ व एक वैद्यकीय अधीक्षक नेमावा.

ही यादी मागून पुढे वाचली की 1986च्या कांकेचा दिवस समोर उभा राहतो : पोटभर जेवण नाही, प्यायला पाणी नाही, शौचालय वापरण्याजोगे नाही, अंगावर पांघरूण नाही. सहापैकी चार आदेश थेट परिचर्येच्या क्षेत्रातले आहेत. जेवण, पाणी, स्वच्छता, अंथरूण : नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. मात्र यादीत ज्यांच्या नेमणुकीचा आदेश आहे, ते दोघेही डॉक्टर. गादी आली तर ती घालणार कोण आणि ओली झाली तर बदलणार कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सहृदय आदेशातही अनुत्तरितच राहिला.

याच काळात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिका न्यायालयात चालू होत्या. पोलीस कोठडीतल्या स्त्रियांबद्दलची त्यांची याचिका महाराष्ट्रातली, तुरुंगातल्या मुलांबद्दलची साऱ्या देशाला लागू होणारी. त्यांच्याच पाठपुराव्यातून पश्चिम बंगालच्या तुरुंगांतला एक विचित्र वर्ग उजेडात आला. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांना ‘एनसीएल’ म्हणत, म्हणजे कोणताही गुन्हा न केलेले वेडसर. गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही. वेड हीच काय ती नोंद, आणि मुक्काम तुरुंगात. 17 ऑगस्ट 1993 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगार नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य असल्याचे जाहीर केले. तोवर या माणसांची जी काही शुश्रूषा झाली असेल, ती तुरुंगाच्या शिपायांनी आणि सहकैद्यांनी.

1987 : मूल कायद्यात आले

1912चा कायदा रद्द करणारा मानसिक आरोग्य अधिनियम 1987 मध्ये संमत झाला, पण अंमलात आला 1 एप्रिल 1993 रोजी. मधली सहा वर्षे सरकारी तयारीत गेली. या कायद्यात मूल प्रथमच वेगळे दिसते. सोळा वर्षांखालच्यांसाठी स्वतंत्र मनोरुग्णालये स्थापन करता येतील, असे तो म्हणतो. पालकाच्या अर्जावर अल्पवयीन मुलाला दाखल करण्याची रीतही तो घालून देतो.

त्यातली एक छोटी तरतूद मला फार बोलकी वाटते. दाखल असलेले मूल वॉर्डातच सज्ञान झाले, तर प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तसे कळवायचे. कळवल्यापासून महिन्याभरात त्याने स्वतः राहण्याची विनंती केली नाही, तर त्याला सोडून द्यायचे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अशी मुले होती, जी आईवडिलांच्या सहीने आत आली आणि आतच अठरा वर्षांची झाली. त्यांच्या वाढदिवसाला पहिल्यांदाच कायदेशीर अर्थ मिळाला.

81वे कलमही नवे होते. उपचार चालू असताना रुग्णाचा शारीरिक वा मानसिक अवमान होऊ नये, त्याच्याशी क्रूरपणे वागू नये, त्याला आलेली किंवा त्याने पाठवलेली पत्रे अडवू नयेत. वॉर्डात पत्रे अडवतो कोण? ज्याच्या हाती ती पडतात तो. म्हणजे हे कलम परिचर्येला उद्देशून होते. पण व्याख्यांच्या यादीत वैद्यकीय अधिकारी आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहे. परिचारिका तिथेही नाही. कर्तव्य आले, कर्तव्य करणारीचे नाव आले नाही.

शिरूर, फेब्रुवारी 1994

हा कायदा अंमलात येऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा पुणे जिल्ह्यात जे घडले त्याने महाराष्ट्र ढवळून निघाला. शिरूरच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद मुली आणि तरुण स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात येत होती. महिला संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि पत्रकारांनी आवाज उठवला, मुख्यमंत्र्यांनी पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या. तोवर अकरा झाल्या होत्या. डॉ. अनंत फडके आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिचा विषय केवळ या शस्त्रक्रिया नव्हत्या, अशा संस्थांमधल्या एकूण देखभालीचा दर्जाही होता.

शस्त्रक्रियांच्या बाजूने दिलेली कारणे त्या काळच्या वर्तमानपत्रांतून आणि नियतकालिकांतून नोंदली गेली आहेत. मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छता पाळता येत नाही. त्यांच्या मागे सतत राहायला माणसे नाहीत. आणि न बोललेली पण सर्वांना ठाऊक असलेली भीती : कोणी अत्याचार केला तर गर्भ राहील. ही तिन्ही कारणे नीट वाचली तर त्यांतले एकही कारण शल्यचिकित्सेचे नाही. पहिली दोन परिचर्येतल्या उणिवेची आहेत आणि तिसरे संरक्षणातल्या. पुरेशा मावश्या आणि सिस्टर नेमणे खर्चिक होते, म्हणून एक अवयव काढून टाकायचा. गर्भ राहू नये म्हणून गर्भाशय काढले, तरी अत्याचार थांबत नाही. थांबतो तो अत्याचाराचा पुरावा.

संमतीचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा. पालकांची संमती होती, असे सांगितले गेले. पण पालक मुलीच्या वतीने कशाला संमती देऊ शकतात आणि कशाला नाही? आजारी आतड्याच्या शस्त्रक्रियेला देऊ शकतात, हे उघड आहे. निरोगी अवयव सोयीसाठी काढायला देऊ शकतात का? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दोन दशकांनंतर दिले. त्याआधी, 2009 मध्ये, चंदीगडच्या एका निवारागृहातली अनाथ, सौम्य मतिमंद तरुणी तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या अत्याचारातून गर्भवती राहिली. तिला मूल हवे होते, तरीही उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांतला फरक अधोरेखित करून, सज्ञान मतिमंद स्त्रीची स्वतःची संमती लागतेच, असे म्हटले. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दहावे कलम आले : स्वतःच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येणार नाही. 2017च्या कायद्यातली पाळीच्या वस्तूंची तरतूद आणि नसबंदीवरची मनाई यांच्यामागे अशा सगळ्या संस्थांचा इतिहास आहे, आणि मराठी वाचकाने त्या ओळी वाचताना शिरूर आठवावे.

मुलांच्या संस्थांचा प्रश्न तिथे संपला नाही. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात कुपोषणाने मुले दगावल्याची बातमी छापून आली. उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभरातल्या अशा संस्थांची पाहणी करवली. पुन्हा जेवण, पाणी, स्वच्छता. कांकेची 1986ची यादी महाराष्ट्रात मुलांच्या संदर्भात पुन्हा लिहावी लागली.

एरवाडी

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले. आयोगाने निमहान्सच्या मदतीने देशातल्या 37 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून 1999 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. 38 टक्के इस्पितळांनी तुरुंगासारखी मूळ रचना तशीच ठेवली होती. मनोरुग्ण परिचर्येचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका पाव हिश्श्याहूनही कमी इस्पितळांत होत्या. भोर समितीने खाटा मोजल्या त्याला त्रेपन्न वर्षे झाल्यावर परिचारिका मोजल्या गेल्या, आणि त्या जवळजवळ नव्हत्याच.

दोनच वर्षांनी, 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे, तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. 28 मनोरुग्ण होरपळून मेले. खाटांना आणि खांबांना साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. 1987च्या कायद्याप्रमाणे अशा जागेला परवाना हवा होता; तो नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सार्थक या संस्थेची याचिकाही त्याच वर्षी आली. भूल न देता दिल्या जाणाऱ्या विजेच्या झटक्यांवर आणि बांधून ठेवण्यावर बंदी घालावी, अशी तिची मागणी होती. 95व्या कलमातली भूल आणि साखळी 2001 या एका वर्षात न्यायालयासमोर आल्या, आणि कायद्यात उतरायला त्यांना सोळा वर्षे लागली.

रात्रपाळी आणि 97वे कलम

2017च्या कायद्यात परिचारिका अखेर व्याख्येत आली. 29 मे 2018 पासून अंमलात असलेल्या या अधिनियमात ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ म्हणजे सामान्य परिचर्येची किंवा मनोरुग्ण परिचर्येची मान्यताप्राप्त पदविका अथवा पदवी असलेली आणि राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदलेली व्यक्ती. व्याख्येतला ‘किंवा’ लक्षात ठेवावा. मनोरुग्ण परिचर्येचे वेगळे शिक्षण असलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.

तिच्यावर सोपवलेले काम किती अवघड आहे, ते पाहायचे तर 97वे कलम घेऊन एखाद्या रात्रपाळीत उभे राहावे. पन्नास रुग्ण, दोन सिस्टर, एक मामा. मध्यरात्रीनंतर एक तरुण शेजारच्याला मारू लागतो. कलम सांगते : एकांतकोठडी कधीही नाही. शरीर बांधणे फक्त तेव्हा, जेव्हा तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल. त्याला प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी हवी. गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही. कोणत्या पद्धतीने बांधले, का बांधले, किती वेळ, हे लगेच रुग्णाच्या कागदांवर लिहायचे. बांधलेल्या रुग्णावर वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सतत नजर हवी. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचे. महिन्याच्या अहवालात पुनरावलोकन मंडळाला कळवायचे. शिक्षा किंवा धाक म्हणून बांधायचे नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधायचे नाही.

हे शेवटचे वाक्य या सगळ्या इतिहासाचे सार आहे. संसदेने प्रथमच कबूल केले की माणसे बांधली जातात त्याचे एक खरे कारण माणसांची कमतरता हे आहे. पण त्याच रात्री एका सिस्टरने बांधलेल्या तरुणावर सतत नजर ठेवायची, तर उरलेल्या एकोणपन्नासांकडे दुसरी एकटी पाहणार. वॉर्डात किती परिचारिका हव्यात, हे मूळ कलमांत नाही. ते किमान निकषांच्या नियमांवर सोडले आहे. शिक्षेची तरतूद मात्र मूळ कायद्यातच आहे : पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

मुलांसाठीचे 87वे कलम याहून काटेकोर आहे. मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करायचे. घरी किंवा वस्तीत राहून उपचार होणे शक्य नाही, हे आधी दिसले पाहिजे. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ यांनी स्वतंत्रपणे तपासायचे, प्रौढांपासून वेगळे ठेवायचे, प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या सोबत्याने सतत मुलाजवळ राहायचे, मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला स्त्री हवी, मंडळाला 72 तासांत कळवायचे. मुलाला स्वतःचे मत सांगता येत असेल, तर तेही विचारात घ्यायचे. 1912च्या कायद्याला जे मूल दिसत नव्हते, त्याच्याभोवती एका शतकाने एवढ्या भिंती उभ्या केल्या. आईच्या बाजूनेही एक कलम आहे : उपचार घेणाऱ्या बाईला तिच्या तीन वर्षांखालच्या मुलापासून सहसा तोडायचे नाही, आणि तोडावे लागले तर दर पंधरा दिवसांनी त्याचा फेरविचार करायचा.

मुलांच्या वॉर्डात परिचारिकेपुढे आणखी एक पेच येतो. 23वे कलम तिला रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगते. 2012चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा. गोळी देताना एखादी बारा वर्षांची मुलगी सिस्टरच्या कानात काही सांगते आणि म्हणते, ‘कुणाला सांगू नका.’ कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : सांगावेच लागेल. नीतीचे उत्तर त्यात भर घालते : कुणाला, का आणि पुढे काय होईल, हे आधी त्या मुलीला समजेल अशा शब्दांत सांगावे. पहिले कलमात आहे; दुसरे फक्त शिक्षणातून येते.

खुर्ची कुणाला

कायदा अंमलात आल्यावरही कागद येत राहिले. जानेवारी 2019 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदाऊनमधल्या साखळ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि मनोरुग्णांना साखळीने बांधणे हे जगण्याच्या हक्काचे उल्लंघन असल्याचे न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. 2021 मध्ये, त्याच खटल्यात, मनोरुग्णालयांतल्या लोकांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे थांबवा, असे महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये असलेल्या राज्याला हे ऐकावे लागणे भूषणावह नाही.

आता पुन्हा कायद्याच्या पुस्तकाकडे. केंद्रीय आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणांत किमान पंधरा वर्षे अनुभव असलेल्या एका मानसिक आरोग्य परिचारिकेची जागा राखीव आहे. ही मोठी प्रगती. पण रुग्णाची तक्रार ऐकणारे, दाखल-मुक्ततेचा फेरविचार करणारे, बांधल्याच्या नोंदी तपासणारे पुनरावलोकन मंडळ वेगळे. त्यात जिल्हा न्यायाधीश असतो, जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी असतो, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि रुग्णांच्या, त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या किंवा त्यांच्या संस्थांच्या वतीने दोघे. परिचारिकेसाठी त्यात राखीव खुर्ची नाही. बांधल्याची नोंद लिहिताना वॉर्डात उभी असते ती, आणि नोंद वाचली जाते ती तिच्याशिवाय.

1858पासूनचे हे कागद एकत्र ठेवले की एकच गोष्ट सिद्ध होते : मनोरुग्णाची विटंबना बहुतेक वेळा क्रूर माणसांनी केलेली नाही, ती अपुऱ्या माणसांनी केली. कांकेत गाद्या नव्हत्या, शिरूरला मावश्या नव्हत्या, एरवाडीला पहाटे साखळी सोडायला कोणी नव्हते. म्हणून दोन सुधारणा व्हायला हव्यात आणि दोन्ही साध्या आहेत. प्रत्येक पुनरावलोकन मंडळावर एक अनुभवी मनोरुग्ण परिचारिका असावी. आणि प्रत्येक सरकारी मनोरुग्णालयाने, रुग्णसंख्या जाहीर करतो तशी, दर महिन्याला रात्रपाळीतल्या परिचारिकांची संख्याही जाहीर करावी. ती संख्या लपलेली आहे तोवर 97वे कलम पाळले गेले की नाही, हे कोणत्याही न्यायालयाला ठरवता येणार नाही.